गावंडे हवालदारांची गाडी

"ह्याच्यात माइक तं नाही बसवून राह्यल्या ना मॅडम?" गावंडे हवालदारांनी खिडकीतून डोकं आत घालून विचारलं.

मी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून डॅशबोर्डखाली हात घातला होता आणि तोंडात एक स्क्रू धरला होता. लगेच उत्तर देता आलं नाही.

"माइक कशाला?" मी स्क्रू काढून म्हटलं. "तुम्ही गाडीत असं काय बोलता?"

"आमी काय बोलनार? पोटापान्याचं. सायबाचं नाव तं आमी तोंडातच नाही घेत." असं म्हणून ते स्वतःच हसले. "तुमचं आडनाव काय म्हटलं मॅडम?"

"आगलावे."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले. आवारातले दोघं-तिघं शिपाई हसले. मी हसले नाही. मला ज्या माणसाला शोधायला पाठवलं होतं, तो हाच, असं माझं सकाळपासून मत झालं होतं.

हे वऱ्हाडातल्या एका शहरातलं आहे. त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी शहराचं नाव मी घेत नाही. पोलिसांच्या गस्तीच्या गाड्यांमध्ये तेव्हा टॅब बसवले होते. कोणी मदतीसाठी कंट्रोल रूमला फोन केला की जवळच्या गाडीतल्या टॅबवर त्याचं नाव, फोन नंबर आणि पत्ता उमटायचा, आणि गाडी तिकडे धावायची. सोय उत्तम होती. पण टॅब कोणीही उघडावा, कोणीही वाचावा, कोणीही त्याला पेन ड्राइव्ह लावून गाणी ऐकावीत, असा सगळा कारभार होता. ते टॅब माझ्याच कंपनीनं बसवले होते, आणि आता त्यांना शिस्त लावण्याचं कामही तिलाच मिळालं होतं. कुलपाचं स्टँड बसवायचं, पेन ड्राइव्हची भोकं बुजवायची, प्रत्येकाला त्याचा स्वतःचा पिन द्यायचा. हात लावला नाही की पडदा आपोआप काळा झाला पाहिजे, आणि काम संपलं की पत्ता पुसला गेला पाहिजे. थोडक्यात, पोलिसांवर पहारा.

हे काम मला मिळालं यात नवल नाही. मी स्वभावानं संशयी आहे. आमच्या घरात म्हणायचे, वृंदाला देवानं प्रसाद दिला तरी ती आधी वास घेईल.

या ठाण्यात मला घाईघाईनं बोलावलं होतं, त्याला कारण होतं. मंजूषा नावाची एक बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून गाव सोडून या शहरात येऊन राहिली होती. भाड्याची खोली, दुसऱ्याच्या नावावर. शिवणकाम करायची. पत्ता तिनं माहेरीसुद्धा कळवला नव्हता. खंडेनवमीच्या दिवशी सकाळी कोणी दारुडा तिचं दार बडवू लागला, म्हणून घाबरून तिनं मदतीला फोन केला. गावंडे गाडी घेऊन गेले, दारुड्याला हाकललं, परत आले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा नवरा, प्रल्हाद खंडारे, थेट त्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्यानं तिचा हात मोडला. शेजाऱ्यांनी धरला म्हणून तेवढ्यावर भागलं.

"पत्ता कुठून मिळाला?" असं त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तुमच्याच खात्याकडून." त्यापुढे त्यानं तोंड उघडलं नाही, नुसता हसत राहिला.

पत्ता त्या एकाच गाडीच्या टॅबवर आला होता. त्या दिवशी गाडीवर गावंडे एकटेच होते, जोडीदार रजेवर होता. गावंड्यांची सासुरवाडी खंडाऱ्याच्याच गावात होती. आणि खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ते सोनं द्यायला सासुरवाडीला गेले होते. आता आणखी काय पाहिजे?

ठाण्याचे निरीक्षक शिरोळे साहेब देखणे, टापटिपीचे गृहस्थ. टेबलावर एक कागद सरळ रेषेत नसला तर बोलता बोलता सरळ करायचे. सकाळी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "कुंपणच शेत खातंय, मॅडम. तेव्हा सुरुवात कुंपणापासूनच करा. गाड्यांना कुलपं लावाच, पण आधी मला चोर दाखवा. गावंडेंच्या निलंबनाचा प्रस्ताव तयार आहे. तुमच्या अहवालात एक ओळ आली की वर पाठवतो."

"आणि ओळ नाही आली तर?"

"येईल," ते म्हणाले. "बावीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस आहे, मलाही वाईट वाटतं. पण त्या बाईचा हात बघितलात का तुम्ही?"

तर अशी मी गावंड्यांच्या गाडीत बसले होते, आणि टॅबचं जुनं स्टँड काढता काढता माझ्या लक्षात आलं की ते आधीच कोणीतरी काढलेलं आहे. आमच्या कंपनीचे स्क्रू खास डोक्याचे असतात, साध्या पान्यानं निघत नाहीत. या स्क्रूंच्या कडा खरवडलेल्या होत्या. कोणीतरी साध्या पान्यानं झटापट केली होती, नुकतीच.

"गावंडे, हे कोणी खोललं?"

"काय?"

"स्टँड. टॅब मागून काढलाय कोणीतरी."

"नाही बा," ते म्हणाले. "आमी काहून खोलू? आमाले काय समजते त्यातलं?"

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, गाडीच्या टायरकडे पाहिलं. मघापासून चाललेली त्यांची थट्टा एकदम बंद पडली.

"खंडेनवमीला दुपारी गाडी इथं आवारातच उभी होती ना?"

"होती."

"मग टॅब इतका वेळ चालू कसा राहिला? मी तपासलं. बराच वेळ कोणाचा तरी हात लागत होता त्याला."

"आता मले सारं याद नाही राहत मॅडम," ते म्हणाले आणि चहा सांगायला म्हणून निघून गेले. चहा काही आला नाही. चोराच्या मनात चांदणं, मी मनाशी म्हटलं आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. संशयी माणसाला संशय खरा ठरण्यासारखं सुख नाही.

त्याच दुपारी मंजूषा जबाबावर अंगठा द्यायला ठाण्यात आली. लहानखुरी बाई, उजवा हात प्लास्टरमध्ये. पायरीवर गावंडे उभे होते. त्यांना बघून ती थबकली.

"बरं हाय का आता?" गावंड्यांनी विचारलं.

ती त्यांच्या बुटांशेजारी थुंकली. मग म्हणाली, "तुमी म्हटलं होतं, काई लागलं तं फोन कर, माय. मी केला फोन. हे पाहा काय मिळालं." आणि तिनं प्लास्टर पुढे केलं.

मघाशी गावंड्यांच्या विनोदाला हसणारे शिपाई एकेक करून आत गेले. गावंडे तिथंच उभे राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या नळावरून डबाभर पाणी आणलं आणि पायरी स्वतः धुतली.

ते बघून मला पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं झालं. पण अवघडणं वेगळं आणि संशय वेगळा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्यांच्या गाडीत जाऊन बसले आणि जुनं स्टँड पाठीमागच्या पत्र्यासकट उतरवलं. काही लपवून बसवलंय का, काही जोडलंय का, ते बघायचं होतं.

वायर नव्हती, चिप नव्हती. पत्र्याच्या फटीत तांदळाचे पिवळे दाणे चिकटले होते आणि झेंडूची एक सुकलेली पाकळी होती. पत्र्याची कड बोटानं पुसली तर बोट लाल झालं.

"गावंडे," मी हाक मारली. "इकडे या. ह्या अक्षता कुठून आल्या?"

ते आले. माझ्या तळहातावरचे दाणे बघितले. मग पलीकडून येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं.

"लिहून नका घेऊ मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले.

"आधी सांगा तर."

"खंडेनवमी होती ना. बंदुका पुजल्या, काठ्या पुजल्या, गाडी पुजली. मंग मले वाटलं, आपली गाडी धावते ह्या टॅबच्या जिवावर, त्यालेच काहून सोडा? हळदकुंकू वाहिलं, हार घातला, तांदूळ टाकले. तीर्थाचे दोन थेंब शिंपडले आन् मंग ध्यानात आलं, ह्याच्यात करंट असते. सांजच्याले टॅब अडकून राह्यला. म्हटलं, झालं, गेला सरकारी माल. तुमच्या कंपनीची पट्टी हाय ना त्याच्यावर, पाणी लावू नये म्हनून. मंग मी घरून पाना आनला, खोललं, कापसानं पुसलं, पुन्हा बसवलं."

"एवढंच?"

"देवाशपथ एवढंच."

"मग काल का नाही सांगितलं?"

"तुमी आल्या कुलपं घेऊन, चोर पकडाले. तुमाले म्हनू का, मी टॅब खोलला आन् पुसापुशी केली?" ते कसनुसं हसले. "कोनी मानलं असतं?"

मी मानलं नसतं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांपैकीच एक समजले असते. मी तांदळाचे दाणे कागदात गुंडाळले, आणि तेवढ्यात मला काल पडलेला प्रश्न आठवला.

"पूजा केली तेव्हा टॅब चालू होता?"

"चालूच असनार ना. बंद यंत्राले कोन ओवाळते? गाडीचं इंजिनबी चालू ठेवलं होतं. टॅब झोपू झोपू जाये, म्हनून बोट लावू लावू जागा ठेवला."

"त्याच्यावर काय होतं?"

"काय असनार, सकाळचा कॉल. त्या पोरीचाच..." ते बोलता बोलता थांबले.

"फोटो काढला कोणी?"

"सायबांनी काढला," गावंडे सावकाश म्हणाले. "मी ओवाळत होतो. साहेब म्हने, थांबा, दिवा स्क्रीनमध्ये दिसला पाहिजे. एकदम जवळून काढला, नव्या फोनवर. ठाण्याच्या पेजवर टाकला. लय लोकांनी हात जोडले. माह्या सासुरवाडीपर्यंत फिरला."

मी माझा फोन काढला. ठाण्याचं पेज कोणालाही बघता येत होतं. थोडं खाली सरकवल्यावर तो फोटो आला. फोटो खरोखरच छान होता. झेंडूचा हार, कुंकवाची बोटं, तबकातल्या निरांजनाचं प्रतिबिंब, आणि त्या प्रतिबिंबाच्या वर, पांढऱ्या अक्षरांत, काही ओळी. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मंजूषाचं नाव. फोन नंबर. गल्ली. जिनिंग मिलच्या मागे, दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

गावंड्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"काखेत कळसा आन् गावाले वळसा," ते म्हणाले. मग फोन मांडीवर ठेवून त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "म्हंजे मी नव्हतो, मॅडम."

"नाही."

"तुमाले सांगतो, मले माझाच भरोसा राह्यला नव्हता. सासुरवाडीले गेलो, चार लोकांत बसलो. पोलीसवाला घरी आला की लोक विचारतेच, काय चालू हाय. बोलता बोलता मीच काही बोलून गेलो का? रोज आठवून पाहतो. माह्या बायकोनंबी विचारलं, तुमी तं नाही ना बोलले? मी तिले नाही म्हटलं, पन ठाम नाही म्हटलं."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मला स्वतःची लाज वाटली. काल पहिल्याच दिवशी मी मनात त्यांना दोषी ठरवून मोकळी झाले होते, आणि हा माणूस माझ्याही आधीपासून स्वतःवर पाळत ठेवून होता.

फोन परत घेऊन फोटोखाली लोकांनी लिहिलेलं मी वाचत गेले. जय हिंद. अभिमान आहे. शुभ खंडेनवमी. नावांमागून नावं. एका नावापाशी मी थांबले आणि गावंड्यांना घेऊन साहेबांच्या खोलीकडे निघाले.

शिरोळे साहेब काहीतरी लिहीत होते. गावंडे दाराशीच उभे राहिले, मी आत गेले.

"साहेब, चोर सापडला."

त्यांनी गावंड्यांकडे एक नजर टाकली. "वाटलंच होतं मला."

"तुमचा फोन काढता का? ठाण्याचं पेज उघडा. खंडेनवमीचा फोटो."

त्यांचा चेहरा उजळला. "तो होय? त्याला वरून शाबासकी आली होती. त्याचं काय?"

"मोठा करून बघा. दिव्याच्या वर. अजून मोठा."

त्यांनी केला. आधी कपाळाला आठी पडली, मग आठी गेली आणि चेहऱ्यावर काहीच उरलं नाही.

"आता खालची नावं वाचा, साहेब."

ते वाचू लागले. नावं त्यांनी आधी कधी वाचली नव्हती हे उघड दिसत होतं, किती आली एवढंच बघितलं असणार. अंगठा वर सरकत राहिला आणि एका जागी थांबला. तिथं लिहिलं होतं, 'शुभ खंडेनवमी साहेब. आपले खूप खूप आभार.' नाव होतं प्रल्हाद खंडारे.

साहेबांचा अंगठा फोटोच्या कोपऱ्याकडे गेला.

"पुसा, साहेब," मी म्हटलं. "पुसायलाच हवा. पण मी एक प्रत ठेवली आहे."

"माझ्यावर भरवसा नाही तुमचा?"

"तुम्हीच सांगितलं होतं, कुंपणापासून सुरुवात करा."

त्यांनी फोटो पुसला. मग उठून खिडकीशी गेले, परत आले, टेबलावरचा एक सरळ कागद पुन्हा सरळ केला. आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं बघा मॅडम. गावंडेंचं नाव मी काढतो. प्रस्ताव आत्ता फाडतो. तुम्ही तांत्रिक त्रुटी लिहा. ते खोटंही नाही, पडदा आपोआप बंद व्हायला हवा होता. नवऱ्याला शिक्षा होईलच. सगळे सुटतील."

खोटं कशाला सांगू, मला ते पटू लागलं होतं. गावंड्यांची नोकरी वाचत होती, आणखी काय हवं होतं? मी दाराकडे बघितलं.

"साहेब," गावंडे म्हणाले, "मी सुटलो. ते पोरगी कुठी सुटली?"

"म्हणजे?"

"ते मलेच समजून राह्यली ना अजून. उद्या पुन्हा कोनी तिचं दार बडवलं, तं ते पोलिसाले फोन करनार हाय का? मरून जाईन, पन करनार नाही. तिले सांगा लागते."

"मग सांगा तुम्ही."

"माह्यावर कोन विश्वास ठेवते? तुमाले सांगा लागते."

"गावंडे, तुम्ही कोणाशी बोलताय, भान आहे का?"

"सायबाशीच बोलून राह्यलो," गावंडे म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

मी अहवालाचं काहीच बोलले नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांना त्या प्रतीची आठवण आली की गावंड्यांच्या शब्दांनी काही हललं, हे मला आजही सांगता यायचं नाही. माझा स्वभाव मला पहिलंच खरं मानायला लावतो. त्यांनी प्रस्ताव उचलला, फाडला, टोपी घेतली आणि म्हणाले, "गाडी काढा."

जिनिंग मिलच्या मागच्या त्या इमारतीचा जिना अरुंद होता. मंजूषाच्या दाराला जुनी कडी होती, तिच्या खाली नवा अडसर आणि वर नवी साखळी. दुपारची वेळ असून दार आतून बंद होतं. आत शिवणयंत्र एका हातानं चालवल्यासारखं अडखळत चालू होतं, साहेबांनी दार वाजवताच ते थांबलं.

"कोन?"

"पोलीस. निरीक्षक शिरोळे."

बऱ्याच वेळानं अडसर सरकला आणि दार साखळीच्या लांबीएवढं उघडलं. फटीत तिचा अर्धा चेहरा दिसला.

"तुमच्या पत्त्याच्या संदर्भात," साहेबांनी सुरुवात केली, "यंत्रणेतील काही त्रुटींमुळे..."

मागून गावंडे नुसते खाकरले.

साहेब थांबले. त्यांनी टोपी काढून काखेत धरली. "फोटो मी काढला," ते म्हणाले. "गाडीच्या पूजेचा. त्यात तुमचा पत्ता दिसत होता, माझ्या लक्षात आलं नाही. मीच तो सगळ्यांसमोर टाकला. तिथून तुमच्या नवऱ्यानं वाचला. चूक माझी आहे."

ती साहेबांकडे बघत राहिली. तिनं त्यांना काही म्हटलं नाही, क्षमा नाही की शिवी नाही. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली.

"ह्या काकांनी नाही सांगितलं?"

"नाही," साहेब म्हणाले. "त्यांचा काही संबंध नाही."

"काका, मी तुमच्यावर थुंकली."

"बाजूले थुंकली होतीस, माय," गावंडे म्हणाले. "माह्यावर नाही."

दार बंद झालं. आम्हाला वाटलं, संपलं. साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते उतरू लागले. तेवढ्यात दार पुन्हा तेवढंच उघडलं. साखळी तशीच होती. फटीतून तिचा डावा हात बाहेर आला, हातात फोन होता.

"काका, तुमचा नंबर टाकून द्या ह्याच्यात," ती म्हणाली. "मले डाव्या हातानं लिहिता नाही येत."

गावंडे पुढे झाले. चष्मा शोधून लावला. एकेक आकडा दाबून, पुन्हा वाचून, त्यांनी नंबर टाकला आणि फोन फटीतून परत दिला.

ड्यूटीवरच्या पोलिसानं स्वतःचा नंबर कोणाला देऊ नये, मदतीचा फोन कंट्रोल रूमवरूनच यावा, असा नियम मीच आदल्या दिवशी लिहून त्या ठाण्याच्या भिंतीवर चिकटवला होता. गावंड्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.